कवचधारी प्राण्यांतील हॉर्मोने : संशोधनाचा इतिहास

खेकडे, कोळंब्या, शेवंडे इ. कवचधारी वर्गातील प्राण्यांची वाढ, निर्मोचन (कात टाकणे) आणि प्रजोत्पादन या क्रियांचे नियमन त्यांच्या शरीरातील हॉर्मोनांमुळे होते. हॉर्मोन म्हणजे शरीराच्या एका भागात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागात जाणारे आणि तेथील कार्य सुरू, मंद वा बंद करणारे रासायनिक द्रव्य होय. पृष्ठवंशी (पाठीचा कणा असणाऱ्या) प्राण्यांत अशी द्रव्ये प्रथम माहीत झाली, ती मुख्यत्वे एखाद्या कार्याला चालना देणारी म्हणून. कवचधारींत मात्र संशोधकांची गाठ प्रथम पडली ती कार्य रोखून धरणाऱ्या हॉर्मोनांशी, आणि तीही डोळ्याच्या देठात. म्हणजे जेथे ती शोधण्याचे कोणाला काही कारण नव्हते अशा ठिकाणी. या विषयाचा बराचसा इतिहास नेत्रवृंत (डोळा ज्याच्या टोकावर असतो तो हलता देठ) या एका लहानशा अवयवाचाच इतिहास आहे.

कवचधारींचे शरीर कायटिन व कॅल्शियम कार्बोनेट यांच्या कठीण बाह्यकंकालाने झाकलेले असते. हे कवच ताणले जात नसल्यामुळे प्राण्याची वाढ सलग न होता पायरीपायरीने होते. जुन्या कवचाखाली नवे, मऊ व सुरकुतलेले कवच तयार होते. जुन्या कवचातील कॅल्शियमाचा काही भाग रक्तात परत शोषला जातो. नंतर जुने कवच ठराविक रेषेवर उकलते. खेकडा मागच्या बाजूने बाहेर सरकतो, पाणी शोषून फुगतो आणि त्या फुगलेल्या आकारमानावर नवे कवच टणक होते. नुकतीच कात टाकलेली चिंबोरी हाताला मऊ लागते व तिच्यात मांसापेक्षा पाणीच अधिक असते, हे कोकणातील कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. या अवस्थेत प्राण्याला ना स्वसंरक्षण करता येते, ना अन्न फोडता येते. म्हणून निर्मोचनाची वेळ चुकणे म्हणजे जिवाशी गाठ असते आणि त्या वेळेचे नियंत्रण कोण करतो, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

यूरोपात या घटनेचे पद्धतशीर निरीक्षण अठराव्या शतकाच्या आरंभी झाले. फ्रेंच शास्त्रज्ञ रेने आंत्वान द रेओम्यूर यांनी १७१२ मध्ये क्रेफिश व खेकडे यांच्या तुटलेल्या पायांच्या जागी नवे पाय कसे येतात याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी क्रेफिशाच्या निर्मोचनाचाही अभ्यास केला. गोड्या पाण्यातील या प्राण्याच्या जठराच्या भित्तीत निर्मोचनापूर्वी चुन्याचे दोन वाटोळे खडे (जठराश्म) साठतात व नव्या कवचासाठी वापरले जातात. यूरोपातील औषधविक्रेते हे खडे ‘खेकड्याचे डोळे’ या नावाने अम्लपित्तावर विकत असत. नाव केवळ आकारावरून पडलेले होते. डोळे आणि निर्मोचन यांचा खरा संबंध उघड होण्यास आणखी दोन शतके जावी लागली.

नेत्रवृंताचा शोध : १९०५ मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स झेलनी हे फिडलर खेकड्यावर प्रयोग करीत होते. एक अवयव काढून टाकला असता उरलेल्या शरीराच्या वाढीवर कोणता परिणाम होतो, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. ज्या खेकड्यांचे नेत्रवृंत काढले होते, त्यांच्या दोन निर्मोचनांमधील काळ कमी झाल्याचे त्यांना आढळले. अवयव काढल्यावर एखादे कार्य बंद पडले, तर तो अवयव ते कार्य घडवून आणतो असे अनुमान करणे सोपे असते. येथे अवयव गेल्यावर कार्य लवकर घडले होते. हॉर्मोन ही संज्ञासुद्धा त्याच वर्षी प्रथम वापरात आली होती. त्यामुळे या निरीक्षणाचा अर्थ लावण्यास लागणारी कल्पनाच तेव्हा हाताशी नव्हती आणि सुमारे तीस वर्षे ते जवळजवळ दुर्लक्षितच राहिले.

मध्यंतरीच्या काळात या विषयाला गती मिळाली ती निर्मोचनामुळे नव्हे, तर रंगबदलामुळे. अनेक कोळंब्या पार्श्वभूमीप्रमाणे गडद किंवा फिकट होतात. त्वचेतील रंगद्रव्याच्या कणांची ही हालचाल तंत्रिकांमुळे (मज्जातंतूंमुळे) होत असावी, असे गृहीत धरले जात असे. जर्मनीत गॉटवार्ट कोलर यांनी १९२०–३० या दशकात गडद झालेल्या कोळंबीचे रक्त फिकट कोळंबीत टोचले, तेव्हा दुसरी कोळंबीही गडद झाली. अमेरिकेत अर्ल पर्किन्झ यांनी १९२८ मध्ये दाखविले की, तंत्रिका तोडल्या तरी रंगबदल चालू राहतो, रक्तवाहिनी तोडली तर मात्र तो थांबतो. तसेच नेत्रवृंताचा अर्क टोचला असता गडद कोळंबी फिकट होते. रंगबदलाचा फायदा असा की, परिणाम काही मिनिटांत डोळ्यांना दिसतो. निर्मोचनाची वाट मात्र आठवडे, कधी महिने पाहावी लागते. सोप्या प्रश्नाने अवघड प्रश्नाची वाट मोकळी केल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

यानंतर नेत्रवृंतात ग्रंथी शोधण्यास सुरुवात झाली. स्वीडनमधील लुंड येथील बर्टिल हानस्ट्रॉम यांनी १९३०–४० या दशकात अनेक जातींच्या नेत्रवृंतांचे सूक्ष्म छेद तपासून दोन रचनांचे वर्णन केले. एक, रक्तकोटराला लागून असलेली व ताज्या अवस्थेत निळसर पांढरी दिसणारी कोटर ग्रंथी. आणि दुसरी, कार्य न समजल्यामुळे जिला एक्स-इंद्रिय असे तात्पुरते नाव देण्यात आले ती. (तात्पुरते नाव कायम होण्याचा प्रकार विज्ञानात नवा नाही, पुढे याच मालिकेत वाय-इंद्रियाचीही भर पडली.) १९३९ मध्ये फ्रँक ब्राउन व ओना कनिंगहॅम यांनी नेत्रवृंत काढलेल्या क्रेफिशांत कोटर ग्रंथीचे रोपण केले. अशा प्राण्यांचे निर्मोचन लांबले व ते अधिक काळ जगले. कोटर ग्रंथी निर्मोचनरोधी हॉर्मोन तयार करते, हा निष्कर्ष त्यावरून सर्वमान्य झाला. त्याच वर्षी पिएर द्राक यांनी फ्रान्समध्ये दोन निर्मोचनांमधील काळाची, कवचाच्या स्थितीवरून ओळखता येतील अशा टप्प्यांत विभागणी केली. त्यामुळे प्रयोगातील प्राणी नेमक्या कोणत्या अवस्थेत आहे हे प्रथमच सांगता येऊ लागले. हे काम दिसायला रुक्ष असले, तरी त्याच्याशिवाय पुढील निम्म्या प्रयोगांना अर्थ राहिला नसता.

सर्वमान्य झालेल्या निष्कर्षात एक अडचण होती. संपूर्ण नेत्रवृंत काढले की निर्मोचन लवकर होई. परंतु कौशल्याने केवळ कोटर ग्रंथी काढली, तर तसे घडत नसे. ग्रंथी गेली तरी हॉर्मोन कोठून येत होते? १९५१ मध्ये अमेरिकेतील डॉरोथी ब्लिस व एल. एम. पॅसॅनो यांनी भूचर व अन्य खेकड्यांवरील कामातून याचा उलगडा केला. कोटर ग्रंथी ही खऱ्या अर्थाने ग्रंथी नव्हेच. एक्स-इंद्रियातील तंत्रिका कोशिका स्राव तयार करतात. तो त्यांच्या लांब तंतूंमधून वाहत जातो आणि तंतूंच्या फुगलेल्या टोकांत साठतो. या टोकांचा झुबका म्हणजेच कोटर ग्रंथी होय. जिला कारखाना समजले जात होते, ती केवळ वखार ठरली. वखार काढून टाकली तरी तोडलेल्या तंतूंमधून माल बाहेर पडत राही. तंत्रिका कोशिका स्वतःच हॉर्मोन स्रवतात, ही कल्पना त्या काळी वादग्रस्त होती. योगायोग असा की, पृष्ठवंशी प्राण्यांतील पोष ग्रंथीच्या पश्चखंडातील हॉर्मोनेही प्रत्यक्षात मेंदूतील कोशिकांत तयार होतात, हे मत वोल्फगांग बार्गमान व एर्न्स्ट शारर यांनी त्याच वर्षी मांडले. खेकड्याच्या डोळ्याचा देठ आणि माणसाच्या मेंदूचा तळ यांची मूलभूत रचना एकाच तत्त्वावर आधारलेली असल्याचे त्यामुळे दिसून आले.

वाय-इंद्रिय व निर्मोचन हॉर्मोन : रोध करणारे द्रव्य आहे, तर ज्याचा रोध होतो ते काय, हा पुढचा प्रश्न होता. पॅरिस येथील मान्फ्रेड गाब यांनी १९५३ मध्ये डोक्याच्या भागात असणाऱ्या एका लहान जोडग्रंथीचे वर्णन केले व कीटकांच्या निर्मोचन ग्रंथीशी तिची तुलना केली. हेच वाय-इंद्रिय. गी एशालिए यांनी किनारी हिरव्या खेकड्यातील ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा निर्मोचन कायमचे थांबले; ग्रंथीचे पुन्हा रोपण केल्यावर ते परत सुरू झाले. चित्र आता स्पष्ट झाले : वाय-इंद्रिय निर्मोचन घडवून आणते आणि नेत्रवृंत वाय-इंद्रियाला रोखून धरते. नेत्रवृंत कापणे म्हणजे लगाम कापणे होय.

वाय-इंद्रियातील द्रव्य शुद्ध रूपात मिळविण्याचे काम अतिशय कष्टाचे होते. जर्मनीत आडोल्फ बूटेनान्ट व पीटर कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्यांच्या सु. ५०० किग्रॅ. कोशांपासून केवळ २५ मिग्रॅ. एक्डायसोन वेगळे केले होते. ऑस्ट्रेलियात एफ. हॅम्पशायर व डी. एच. एस. हॉर्न यांनी १९६६ मध्ये सागरी शेवंड्यांच्या सुमारे एक टन अवशेषांपासून अवघे २ मिग्रॅ. द्रव्य मिळविले. त्याला त्यांनी क्रस्टेक्डायसोन असे नाव दिले. ते एक्डायसोनाहून एका हायड्रॉक्सिल गटाने वेगळे होते. कीटक व कवचधारी यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी दोहोंचे निर्मोचन एकाच जातीच्या स्टेरॉइडांवर चालते, हे त्यामुळे सिद्ध झाले. कवचधारींना कोलेस्टेरॉल स्वतः बनविता येत नाही. ते अन्नातून मिळवून त्यापासूनच वाय-इंद्रिय हे हॉर्मोन तयार करते. या साम्याला एक काळी बाजूही आहे. कीटकांच्या निर्मोचनात बिघाड करण्यासाठी बनविलेली कीटकनाशके पाण्यात उतरली, तर खेकड्यांच्या व कोळंब्यांच्या पिलांनाही तीच बाधा होऊ शकते.

प्रजोत्पादन : झां पानूझ यांनी १९४३ मध्ये पॅरिस येथे कोळंबीच्या माद्यांचे नेत्रवृंत त्यांच्या विश्रांतीच्या हंगामात काढले. निर्मोचनाचा प्रश्न बाजूला राहिला आणि त्यांच्या अंडकोशांची अवेळी व झपाट्याने वाढ झाली. म्हणजे नेत्रवृंतात निर्मोचनाप्रमाणेच अंडपक्वतेलाही रोखणारे द्रव्य होते. याच सुमारास, १९४४ मध्ये, अब्रामोविट्स व त्यांचे सहकारी यांना नेत्रवृंताच्या अर्काने खेकड्याच्या रक्तातील साखर वाढते असे आढळले. एकाच देठात किती कार्यांच्या किल्ल्या आहेत, असा प्रश्न आता पडू लागला.

निर्मोचन व प्रजोत्पादन या दोन्हींना भरपूर साठवण द्रव्ये लागतात. म्हणून ती सहसा एकाच वेळी होत नाहीत. अंडी पोटाखाली वाहून नेणारी खेकडीण कात टाकत नाही, कारण टाकलेल्या कवचाबरोबर अंडीही गेली असती. उलट अनेक जातींत मीलन मादीने नुकतीच कात टाकलेली असतानाच होते. नेत्रवृंत काढल्यावर यांपैकी काय घडेल, हे प्राण्याचे वय व ऋतू यांवर अवलंबून असते. अल्पवयीन प्राणी कात टाकतो, तर प्रजननाच्या हंगामातील प्रौढ मादीचा अंडकोश वाढतो. केरळातील के. जी. आदियोडी व आर. जी. आदियोडी यांनी १९७० मध्ये दशपाद कवचधारींच्या प्रजोत्पादनाच्या हॉर्मोन-नियंत्रणाचा जो विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, तो या विषयावरील आधारभूत लेखनात गणला जातो. महाराष्ट्रात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील तत्कालीन मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम्, आर. सरोजिनी, ए. डी. दिवाण इत्यादींनी १९७० नंतरच्या काळात गोड्या पाण्यातील बॅरिटेल्फ्यूसा वंशाच्या खेकड्यांवर बरेच काम केले. ओढ्याकाठी बिळे करून राहणारे खेकडे हे आपल्याकडे प्रयोगशाळेपेक्षा रश्शासाठीच अधिक परिचित आहेत. पण त्यांचे प्रजननचक्र येथील ऋतुमानाशी बांधलेले असल्याने यूरोपीय जातींवरील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, आणि म्हणून या कामाचे महत्त्व आहे.

नरत्वाचे नियंत्रण मात्र वेगळ्याच मार्गाने उलगडले. आल्फ्रेड झ्यार यांनी १८८७ मध्ये सॅक्युलिना या परजीवीचा परिणाम वर्णन केला होता. हा परजीवी स्वतःही एक कवचधारीच. तो नर खेकड्याच्या शरीरात मुळांसारखा पसरला की, नराचे अरुंद उदर मादीप्रमाणे रुंद होते. अशा खेकड्यात नेमके काय बिघडते याचा अर्थ लागण्याची दिशा १९५४ मध्ये मिळाली. एलेन शार्निओ-कॉटन यांनी किनाऱ्यावर उड्या मारणाऱ्या एका छोट्या कवचधारीच्या शुक्रवाहिनीजवळ एक अपरिचित ग्रंथी शोधून काढली. तिचे मादीत रोपण केल्यावर मादीला नराचे अवयव फुटू लागले आणि अंडकोशाचे वृषणात रूपांतर होऊ लागले. पृष्ठवंशी प्राण्यांत वृषण हेच पौरुषजन हॉर्मोनांचे मुख्य उगमस्थान असते. येथे ते काम स्वतंत्र ग्रंथीकडे सोपविलेले आढळले. या पौरुषजन ग्रंथीचे हॉर्मोन स्टेरॉइड नसून इन्शुलिनासारखे प्रथिन आहे, हे १९९९ मध्ये पॅपट्यासारख्या गोळी होणाऱ्या एका भूचर जातीत निश्चित झाले.

रेणवीय काळ : १९७२ मध्ये फर्नलुंड व योसेफसन यांनी उत्तरेकडील समुद्रांतील कोळंबीच्या नेत्रवृंतांतून रंगद्रव्य एकत्र आणणाऱ्या हॉर्मोनाची रचना निश्चित केली; त्यात केवळ ८ ॲमिनो अम्ले होती. इतर हॉर्मोने मोठी निघाली. किनारी हिरव्या खेकड्यातील रक्तशर्करावर्धक हॉर्मोनात ७२ (१९८९) व निर्मोचनरोधी हॉर्मोनात ७८ (१९९१) ॲमिनो अम्ले असल्याचे आढळले. दोहोंच्या साखळ्यांत ठळक साम्य आहे आणि अंडपक्वतारोधी हॉर्मोनही त्याच कुळातील आहे. एका आद्य जनुकाच्या प्रतींपासून ही सर्व हॉर्मोने उत्क्रांत झाली असावीत, असे मानतात. एकाच देठात इतक्या किल्ल्या असण्याचे कारण हे : त्या एकाच साच्यातील आहेत. याशिवाय हान्स लाउफर व सहकारी यांनी १९८७ मध्ये जंभाजवळील ग्रंथीतून स्रवणारे मेथिल फार्नेसोएट हे द्रव्य कोळी खेकड्यात दाखवून दिले. कीटकांच्या बाल हॉर्मोनाचे ते निकटचे नातलग असून त्याचा अंडकोशाच्या वाढीशी संबंध आहे आणि त्याच्या स्रवणावरही नेत्रवृंतातील रोधक हॉर्मोनाचाच ताबा असतो.

केवळ रोध हेच सर्व नियंत्रणाचे सूत्र, असे मात्र आता म्हणता येत नाही. १९९९ मध्ये चुंग, डिर्कसेन व वेब्स्टर यांनी हिरव्या खेकड्यात दाखविले की, रक्तशर्करावर्धक हॉर्मोन निर्मोचनाच्या ऐन वेळी आतड्यातील कोशिकांतून एकाएकी मोठ्या प्रमाणात बाहेर पडते व त्यामुळेच प्राणी पाणी घेऊन फुगतो. म्हणजे नेत्रवृंत हे या हॉर्मोनाचे एकमेव ठिकाण नव्हते. २००९ मध्ये अमेरिकेतील निळ्या खेकड्यात आणखी विलक्षण गोष्ट आढळली. निर्मोचनरोधी हॉर्मोन या जातीच्या प्रौढ मादीत अंड्यांतील पीतकाच्या निर्मितीला चालना देते. या मादीचे प्रौढत्वाचे निर्मोचन हेच शेवटचे असते. त्यानंतर रोखण्यास काही उरतच नाही. लगामाचे काम संपल्यावर तोच चाबूक म्हणून वापरला जावा, असा हा प्रकार आहे.

मत्स्योत्पादनातील उपयोग : पानूझ यांच्या प्रयोगाला तीस वर्षांनी व्यापारी रूप आले. बागड्यासारख्या (टायगर) कोळंबीच्या माद्या बंदिस्त पाण्यात सहसा पक्व होत नसत, त्यामुळे पिलांसाठी समुद्रातून पकडलेल्या माद्यांवर अवलंबून राहावे लागे. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ के. एच. अलीकुन्ही व त्यांचे इंडोनेशियातील सहकारी यांनी १९७५ मध्ये जेपारा येथे नेत्रवृंत काढून दोन जातींच्या कोळंब्यांत अंडकोश पक्व करून दाखविले. दोन्ही डोळे काढले तर मादी फार काळ जगत नाही. म्हणून एकच डोळा चिमटून, दोऱ्याने आवळून किंवा डाग देऊन काढण्याची पद्धत जगभरच्या बीजोत्पादन केंद्रांत रूढ झाली आणि भारताच्या किनाऱ्यावरील केंद्रांतही ती पसरली. कोळंबी-संवर्धनाचा आजचा विस्तार या एका कृतीवाचून झाला नसता.

परंतु त्या कृतीची किंमतही आहे. नेत्रवृंत काढल्याने एक नव्हे, तर त्यातील सर्वच हॉर्मोने कमी होतात. मादी वारंवार अंडी घालते, तिची साठवण द्रव्ये आटतात, अंड्यांची प्रत घसरते आणि मृत्यूचे प्रमाण वाढते. संशोधकाने एका प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी मोजक्या प्राण्यांवर केलेली शस्त्रक्रिया आणि तीच रोजची उत्पादनप्रक्रिया होणे, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात दशपाद कवचधारींचा संवेदनक्षम प्राण्यांत समावेश केल्यापासून हा प्रश्न अधिकच पुढे आला आहे. थायलंडमध्ये अंडपक्वतारोधी हॉर्मोनाचे जनुक द्विसूत्री आरएनए टोचून निष्क्रिय केले असता डोळा शाबूत ठेवूनही बागड्यासारखी कोळंबी पक्व होते, असे २०११ मध्ये दाखविण्यात आले. याच तंत्राने इस्राएलमध्ये २०१२ पर्यंत गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीच्या नर पिलांतील पौरुषजन ग्रंथीचे जनुक निष्क्रिय करून त्यांचे पूर्णतः प्रजननक्षम माद्यांत परिवर्तन करण्यात आले. अशा माद्यांची सामान्य नरांशी संतती सर्वस्वी नर निपजते आणि या जातीत नर मादीपेक्षा मोठा होत असल्याने तिला मागणी आहे. पांढऱ्या पायांच्या कोळंबीत, जिच्या संवर्धनाला भारतात २००९ मध्ये परवानगी मिळाली, अनेक पिढ्या तळ्यात वाढविलेल्या निवडक माद्या चांगला आहार दिल्यास डोळा न काढताही पक्व होतात. अशा माद्यांची अंडी कमी वेळा मिळतात, पण पिले अधिक काटक असल्याचे काही चाचण्यांत दिसून आले आहे. त्यामुळे काही उत्पादकांनी ही शस्त्रक्रिया बंदही केली आहे.